वाद आणि शेजार

संस्कृतांतून मराठींत येतांना ज्या शब्दांची पदवी उतरली, त्यांत 'वाद' हा शब्द आम्ही पहिल्या पंक्तीस बसवूं. आज 'त्या दोघांचा वाद आहे' असें कोणीं म्हटलें, कीं आपण समजतों, बोलणें बंद आहे आणि बहुधा कोर्टांत तारखा पडत आहेत. शास्त्रांत मात्र हा मोठा मानाचा शब्द आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत ज्या सोळा पदार्थांचें ज्ञान आवश्यक म्हणून सांगितलें आहे, त्यांत वादाला स्वतंत्र स्थान आहे आणि त्याच्या लगोलग जल्प व वितंडा हीं दोन भावंडें येतात. खरें काय तें कळावें म्हणून दोघांनीं प्रमाणें देऊन बोलावें, तो वाद. जिंकावें म्हणून बोलावें आणि त्यापायीं शब्दच्छलही वर्ज्य मानूं नये, तो जल्प. स्वतःचा पक्ष मुळींच न मांडतां समोरच्याचें तेवढें खोडीत बसावें, ती वितंडा. वितंडा करणाऱ्यास ओळखण्याची खूण सोपी आहे. त्याला विचारावें, "तें राहूं द्या, आपलें स्वतःचें मत काय?" तो तत्काळ तिसऱ्याच कोणाच्या तरी मताविषयीं बोलूं लागेल.

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत पूर्वीं मुलांचे अभ्यास, सासवासुनांचे रुसवे आणि उतारवयांतील रिकामा वेळ हेच विषय असत. अलीकडे त्यांत एका तक्रारीची भर पडली आहे. राजकारणावरून शेजाऱ्याशीं अबोला झाला, आतां काय करावें, असें विचारणारीं पत्रें येतात आणि त्यांपैकीं बहुतेक स्त्रियांचीं असतात. भांडलेले असतात पुरुष, पण जिन्यांत समोरासमोर येण्याचा प्रसंग बायकांवर अधिक.

कारणें शोधावयास फार दूर जाण्याची गरज नाहीं. २०२४ या एकाच सालीं महाराष्ट्रानें दोन निवडणुका पाहिल्या. लोकसभेचें मतदान १९ एप्रिलपासून २० मेपर्यंत पांच टप्प्यांत झालें आणि विधानसभेचें २० नोव्हेंबरला. त्याआधीं २०२२ सालीं शिवसेनेंत आणि २०२३ सालीं राष्ट्रवादी काँग्रेसमध्यें फूट पडली होती. त्यामुळें कालपर्यंत एकाच झेंड्याखालीं घोषणा देणारीं माणसें आज परस्परांना निष्ठा म्हणजे काय हें समजावून सांगूं लागलीं. परका विरोधक माणसाला सहन होतो. कालचा सोबती विरोधक झाला, कीं तो सहन होत नाहीं.

आमच्या इमारतींत सोळा बिऱ्हाडें आहेत. दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन निवृत्त गृहस्थ राहतात, एक बँकेंतले, दुसरे पाटबंधारे खात्यांतले. सव्वीस वर्षांचा शेजार. दोन्ही घरांच्या किल्ल्या एकमेकांकडे. एक कुटुंब गांवाला गेलें, कीं दुसऱ्यानें तुळशीला पाणी घालावें असा शिरस्ता. इमारतीचा म्हणून व्हॉट्सॲपवर एक गट आहे. तो वास्तविक पाण्याच्या वेळा आणि लिफ्टची दुरुस्ती कळविण्यासाठीं काढलेला. विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या रात्रीं साडेअकराच्या सुमारास बँकवाल्यांनीं त्यावर एका पुढाऱ्याची टवाळी करणारें चित्र पाठविलें. पाटबंधारेवाल्यांनीं उत्तर दिलें. मग 'अंधभक्त' आणि 'चमचा' हे दोन शब्द दोन्ही बाजूंनीं चार-पांच वेळां येऊन गेले, आणि ते चौदा बिऱ्हाडांनीं अंथरुणांत पडल्या पडल्या वाचले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं एका घरची किल्ली पाकिटांत घालून दुसऱ्या घराच्या दारांतून आंत सरकविण्यांत आली. तासाभरानें दुसरी किल्लीही तशीच परत गेली.

घरांतील स्त्रियांनीं मात्र आपला व्यवहार मोडला नाहीं. आपल्याकडे शेजारून भरून आलेली वाटी रिकामी परत करीत नाहींत, हें सर्वांस ठाऊक आहे. त्या दिवशीं एका घरांत दुसऱ्या घरची वाटी होती. ती परत गेली तेव्हां तींत मेतकूट होतें. मग ती वाटी मुरंबा घेऊन आली. असे तीन महिने पुरुषांचा अबोला आणि वाटीचें येणेंजाणें हीं दोन्ही एकाच वेळीं चाललीं होतीं. पुरुषांना वाटी दिसत नव्हती, किंवा दिसूनही ते तिच्याविषयीं विचारीत नव्हते.

फेब्रुवारींत पाटबंधारेवाले दोन दिवसांसाठीं नाशिकला गेले होते. पहाटे त्यांच्या पत्नी न्हाणीघरांत घसरून पडल्या. हांक मधल्या भिंतीतून समोरच्या घरांत ऐकूं आली. बँकवाले धांवत दाराशीं गेले, पण दाराला लॅचचें कुलूप, आणि किल्ली? ती पाकिटांतून परत गेलेली. सुतार मिळून कुलूप काढेपर्यंत पाऊण तास गेला. ती माउली खुब्याचें हाड मोडलेल्या स्थितींत तेवढा वेळ थंड फरशीवर पडून होती. पुढें शस्त्रक्रिया झाली, त्या आतां काठी घेऊन हिंडतात. नाशिकहून पति येऊन पोंचेपर्यंत इस्पितळांत बँकवालेच बसून होते. किल्ल्या पुन्हा ज्या त्या ठिकाणीं गेल्या आहेत. दोघांचीं मतें होतीं तेथेंच आहेत आणि तीं बदलावींत असें आमचें म्हणणेंही नाहीं.

सभेंतला वाद आणि शेजाऱ्याशीं वाद यांत हा भेद आहे. सभेंतील प्रतिपक्षी आपल्या घरीं जातो. शेजाऱ्याची आणि आपली भिंत एक, पाण्याची टांकी एक, जिना एक. त्याला हरवून आपण जाणार कोठें?

आपल्या जुन्या वैद्यकग्रंथांत या गोष्टीचा विचार झालेला पाहून पुष्कळांस नवल वाटेल. चरकसंहितेच्या विमानस्थानांत आठव्या अध्यायांत वैद्यांनीं आपसांत चर्चा कशी करावी, हें सांगितलें आहे. चर्चेचे दोन प्रकार केले आहेत. संधाय संभाषा ही मैत्रीची आणि विगृह्य संभाषा ही झगड्याची. मैत्रीची चर्चा कोणाशीं करावी? जो रागीट नाहीं, मत्सरी नाहीं, ज्याला समजूत घालतां येते आणि समजूत पटवूनही घेतां येते, अशाशीं. तेथें मोकळ्या मनानें विचारावें, मोकळ्या मनानें सांगावें, हरण्याची भीति बाळगूं नये. समोरचा निरुत्तर झाला तर हर्ष मानूं नये, आणि त्याची कथा चार लोकांत जाऊन मिरवूं नये, असा त्या उपदेशाचा आशय आहे. शेवटच्या कलमाकडे आम्ही वाचकांचें विशेष लक्ष वेधतों. शेजाऱ्यानें रागाच्या भरांत लिहिलेलें वाक्य टिपून घेऊन तें मेहुण्याला, शाळूसोबत्यांना आणि पुण्यामुंबईच्या सर्व नातलगांना पाठविणें हा आजकाल अनेकांचा दुपारचा उद्योग झाला आहे. चरकाला भ्रमणध्वनि ठाऊक नव्हता. माणसाचा स्वभाव ठाऊक होता.

नैयायिकांनींही एक मोठी उपयुक्त यादी करून ठेविली आहे. वादांत माणूस कोणकोणत्या ठिकाणीं पराभूत समजावा, त्यांना निग्रहस्थानें म्हणतात. तीं बावीस आहेत. त्यांपैकीं एकाचें नांव मतानुज्ञा. आपल्या पक्षावर आलेला दोष दूर न करतां 'तुमच्या पक्षांतही तोच दोष आहे' असें म्हणणें, ही मतानुज्ञा. कारण तसें म्हणणाऱ्यानें आपला दोष कबूल केलेलाच असतो. आजच्या राजकीय संभाषणांतून हें एक निग्रहस्थान वजा केलें तर किती बोलणें शिल्लक राहील, याचा वाचकांनींच अंदाज करावा. "यांच्या राज्यांत रस्ते खचले." "आणि त्यांच्या राज्यांत काय झालें होतें?" दोन्ही राज्यांत रस्ते खचले होते, एवढाच त्याचा निष्कर्ष; म्हणजे रस्त्यांसंबंधीं दोघांचें एकमत आहे, आणि तरीही दोघे तांबडेलाल होऊन घरीं जातात! पुनरुक्त, म्हणजे तेंच तें पुन्हा बोलणें, हेंही एक निग्रहस्थान आहे, हें सकाळीं आलेला संदेश संध्याकाळीं पुन्हा पाठविणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

छलाविषयींही थोडें सांगितलें पाहिजे. संस्कृतांत 'नव' म्हणजे नवें आणि 'नव' म्हणजे नऊ. एका मुलाचें कांबळें नवें आहे असें कोणीं म्हटलें, तर दुसऱ्यानें 'याच्यापाशीं नऊ कांबळीं कोठें आहेत?' म्हणून त्याला खोटें पाडावें, हें वाक्छलाचें परंपरागत उदाहरण. आम्ही शाळेंत हें शिकवीत असतां मुलें खूप हंसत. मोठीं माणसें मात्र हेंच गंभीर मुद्रेनें करतात. शेजारी म्हणतो, अमक्या पुढाऱ्याचें काल रात्रीचें भाषण चांगलें झालें. त्यावर आपण विचारतों, म्हणजे त्यांचे सगळे गैरव्यवहार आपणांस मान्य तर! त्या बिचाऱ्यानें एका कांबळ्याविषयीं बोलावें, आणि आपण त्याच्या अंगावर नऊ घालावींत.

यावर शास्त्रकारांचा उतारा पूर्वपक्षाचा. आपलें मत मांडण्याआधीं प्रतिपक्ष्याचें मत मांडावयाचें, आणि तें असें मांडावयाचें, कीं त्यानेंच मान डोलवावी. चौदाव्या शतकांतील माधवाचार्यांचा सर्वदर्शनसंग्रह पाहा. त्याचा आरंभ चार्वाकाच्या मतापासून आहे, आणि लेखक तर वेदान्ती! चार्वाकपंथीयांचे स्वतःचे ग्रंथ बहुतेक नष्ट झाले. त्यांचें म्हणणें आज आपल्याला कळतें तें मुख्यतः त्यांच्या विरोधकांनीं लिहून ठेविलें म्हणून. आपल्या शेजाऱ्याचें राजकीय मत उद्यां आपल्याच तोंडून कोणाला कळावयाचें असेल, तर तो तें ऐकून 'होय, माझें हेंच म्हणणें' असें म्हणेल काय? चहाच्या वेळीं हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. पहिल्या दोन खेपांस तो जमत नाहीं, असा आमचा अनुभव.

शंकराचार्य आणि मंडनमिश्र यांच्या वादाची आख्यायिका वाचकांनीं लहानपणीं ऐकली असेल. न्यायासनावर मंडनमिश्रांची पत्नी, उभयभारती. तिनें दोघांच्या गळ्यांत एकेक माळ घातली आणि सांगितलें, ज्याची माळ कोमेजेल तो हरला. आणि ती आपल्या घरकामाला निघून गेली. इतिहास म्हणून या कथेवर भार देण्याचें कारण नाहीं. परंतु जिनें ती रचली वा ज्यानें रचली, त्याला संतापानें अंग कसें तापतें हें नीट ठाऊक होतें. आणि वाद ऐकत बसण्यापेक्षां स्वयंपाकाकडे पाहिलेलें बरें, हा त्या गृहिणीचा निर्णयही आमच्या मतें विचार करण्यासारखा आहे.

आपल्या वाडवडिलांचे राजकीय वाद मोठे सोज्वळ होते, असा एक समज वडीलधारी माणसें आनंदानें पसरवितात. तो खरा नाहीं. टिळक आणि आगरकर कोल्हापूर प्रकरणांत १८८२ सालीं डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस एकत्र राहिले, आणि पांच वर्षांनीं मतभेदामुळें आगरकरांनीं केसरी सोडला. १८८८ सालीं सुधारक निघाला. त्यापुढें त्या दोन पत्रांत जें लिहिलें गेलें, त्याला सौम्य म्हणणें धाडसाचें होईल. आगरकरांची तर ते जिवंत असतां पुण्यांत प्रेतयात्रा काढण्यांत आली. १८९५ सालीं पुण्यास राष्ट्रीय सभेचें अधिवेशन भरलें, तेव्हां सामाजिक परिषद त्याच मंडपांत भरवावी कीं नाहीं यावरून एवढा गदारोळ माजला, कीं रानड्यांनीं ती दुसऱ्या जागीं नेली. १९०७ सालच्या सुरतेच्या अधिवेशनांत जोडा फेंकला गेला आणि खुर्च्यांचाही उपयोग झाला. तरी १८९५ च्या जूनमध्यें आगरकर वारले तेव्हां केसरींत टिळकांनीं त्यांच्यावर गौरवाचा मृत्युलेख लिहिला; आणि १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं गोखले वारले, तेव्हां टिळक सिंहगडावरून खालीं येऊन स्मशानांत हजर राहिले आणि तेथें त्यांनीं गोखल्यांची थोरवी सांगितली.

हें त्यांस कसें साधलें? आम्हांस एक कारण असें दिसतें, कीं ते परस्परांवर जे शब्द टाकीत, ते त्यांचे स्वतःचे असत. कोणता लेख कोणाच्या लेखणीचा, हें पुण्यांत सर्वांस कळे. तो लिहितांना विचार करावा लागे, कोणत्या वर्मावर घाव बसेल आणि कोणतें वर्म सोडून द्यावें, हें ठरवावें लागे. आज आपण शेजाऱ्याला जी शिवी पाठवितों, ती बहुधा आपली नसतेच. ती कोणीं तरी अनोळखी माणसानें, कदाचित् पगार घेऊन, तयार केलेली असते. त्याला आपला शेजारी कोण, त्याची पत्नी आजारी आहे कीं काय, त्याच्या मुलाची नोकरी नुकतीच गेली आहे काय, यांतलें कांहींच ठाऊक नसतें. आपल्याला ठाऊक असतें. तरी आपण ती बोटानें पुढें ढकलतों. शेजाऱ्यावर रागवावयाचेंच असेल तर निदान स्वतःच्या शब्दांत रागवावें. निम्म्या वेळां वाक्य जुळवितां जुळवितां राग उतरतो.

आमच्या लहानपणची एक गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. २५ जून १९७५ रोजीं आणीबाणी पुकारली गेली. आम्ही तेव्हां शाळेंत होतों. राहणें सदाशिव पेठेंतील एका वाड्यांत. समोरच्या दोन खोल्यांत राहणारे गृहस्थ संघाचे. त्यांना मिसाखालीं येरवड्यास नेलें. माडीवर काँग्रेसचे एक जुने कार्यकर्ते राहत. आणीबाणीमुळें देशाला शिस्त लागली, हें त्यांचें मत, आणि तें ते चौकांत उभे राहून मोठ्यानें सांगत. हेच गृहस्थ दर महिन्याला रेशनच्या दुकानाबाहेर रॉकेलच्या रांगेंत दोन डबे घेऊन उभे राहत. एक स्वतःचा आणि एक समोरच्या घरचा. आमच्या वडिलांनीं एकदां त्यांना छेडलें. ते म्हणाले, "अहो, ते घरीं असते तर त्यांच्याशीं भांडलों असतों. ते नाहींत, तर मुलांच्या आईनें रांगेंत उभें राहायचें काय?" १९७७ सालीं निवडणूक होऊन काँग्रेस हरली, येरवड्याहून शेजारी परत आले. वाड्यांत पेढे वाटले गेले. माडीवरचा पेढा त्यांनीं दुसऱ्या कोणाबरोबर पाठविला नाहीं, डबा घेऊन स्वतः जिना चढले. कार्यकर्त्यांनीं पेढा तोंडांत टाकला आणि म्हणाले, "साखर जरा जास्त झाली आहे." मग दोघांचें भांडण रात्रीं दोनपर्यंत चाललें, तीन वेळां चहा झाला, असें आमच्या आईला चांगलें आठवत असे, कारण दूध आमच्या घरून गेलें होतें.

सौजन्य म्हणजे मूग गिळून बसणें, असा मात्र कोणीं अर्थ करूं नये. राजकारणाच्या मिषानें कित्येक घरांत 'ते लोक' म्हणून जें कांहीं बोललें जातें, तें पक्षांविषयीं नसतें; एखाद्या जातीविषयीं अथवा धर्माविषयीं असतें, आणि त्या 'ते लोकां'पैकीं एक कुटुंब वरच्याच मजल्यावर राहत असतें. त्यांचीं मुलें आपल्या मुलांबरोबर शाळेच्या बसमध्यें चढतात. अशा वेळीं शांत स्वरांत, पण सर्वांच्या देखत, 'हें मला पसंत नाहीं' असें म्हणणें हेंच शेजाऱ्याचें कर्तव्य. बोलणारा आपलाच भाऊबंद असला तर अधिकच. मैत्रीच्या चर्चेचे नियम चरकानें सर्वांसाठीं सांगितले नव्हते, हेंही येथें स्मरावें.

बाकीच्या गोष्टी किरकोळ आहेत. रात्रीं जेवणानंतर आलेल्या राजकीय मजकुराला त्या रात्रीं उत्तर देऊं नये. उत्तर द्यावयाचेंच असेल तर सकाळीं जिना उतरून जावें आणि समोर बसून द्यावें. तोंड दिसलें, कीं निम्मीं विशेषणें आपोआप गळतात. पुढाऱ्यांच्या नांवांचे विनोदी अपभ्रंश करण्याची आपल्याकडे फार हौस आहे. ती आवरावी, कारण मुलें तीं नांवें शाळेंत नेतात. आणि थट्टा करावयाची तर आधीं आपल्या पक्षाची. जो स्वतःच्या पक्षाच्या उमेदवाराची नक्कल करून दाखवितो, त्याला शेजारी पुढें बरेंच कांहीं बोलूं देतात. आमच्या इमारतींतील एक आजोबा गेलीं चाळीस वर्षें प्रत्येक निवडणुकींत हरणाऱ्या उमेदवारालाच मत देतात असें स्वतःच सांगतात, आणि म्हणून दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते त्यांना हात जोडून म्हणतात, "आजोबा, यंदा आम्हांला नको."

एका भगिनीनें विचारलें आहे, कीं घरांतल्या घरांत, विशेषतः नव्या सुनेला, मत कोणाला दिलें असें विचारावें काय. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ९४ व्या कलमाप्रमाणें गुप्त मतदानांत मत कोणाला दिलें हें सांगण्यास कोणाही साक्षीदाराला कोर्टांतसुद्धां भाग पाडतां येत नाहीं. सासऱ्यांचा अधिकार कोर्टाहून मोठा असल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. आमच्या घरांत सहा मतदार आहेत. २० नोव्हेंबरला सगळे बोटाला शाई लावून परत आले, तेव्हां रांग फार होती काय, एवढेंच आम्हीं विचारलें. थोरल्या सूनबाई म्हणाल्या, रांग बरीच होती, पण पुढें समोरच्या काकू उभ्या होत्या, त्यामुळें वेळ कसा गेला कळलें नाहीं. आणि काकूंनीं सांगितलेली आंबोळीची कृति त्यांनीं पदरच्या चार गोष्टी घालून सर्वांना ऐकविली.